एकमेकींना जामीन राहिलेल्या बायका



‘मानसिक आरोग्य’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही. आपण म्हणतो, जीव रमत नाही. जिवाला घोर लागलाय. अन्न गोड लागत नाही. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. शब्द वेगळे असले तरी दुखणं तेच. आणि असं दुखणं आलं की आपण काय करतो? दार लावून घेतो. बैठकीला जात नाही. कुणी विचारलं तर ‘काही नाही, जरा बरं नाही’ म्हणून वेळ मारून नेतो.

आज आम्ही तुम्हाला मुंबईच्या गिरणगावाची गोष्ट सांगणार आहोत. परळ, लालबाग, दादर, नायगाव, वरळी या भागांत लाखो माणसं गाव सोडून आली, दहा बाय बाराच्या खोल्यांत राहिली, आणि तरी उभी राहिली. कशाच्या आधारानं? आणि तो आधार बायकांच्या वाट्याला किती आला? ही गोष्ट मुंबईची असली तरी अर्धी आपल्या गावचीच आहे. कारण तिथं गेलेली माणसं आपल्याच घरांतली होती.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरण्यांची संख्या कितीतरी वाढली. रत्नागिरीचा कोकणपट्टा, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर इथून गडी माणसं मुंबईला निघाली. शेतीचा तुकडा पुरत नव्हता, सावकाराचं देणं फिटत नव्हतं. बायको-मुलं बहुधा गावीच राहायची. दर महिन्याला मनीऑर्डर यायची, आणि शिमग्याला, गणपतीला किंवा गावच्या जत्रेला माणूस यायचा. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही गाजलेली छक्कड अशाच ताटातुटीवर आहे. त्या गाण्यातली गावाकडची मैना म्हणजे आपल्या आज्या आणि पणज्या.

मुंबईला गेलेला माणूस राहायचा कुठं? चाळीत. १९२०च्या दशकात सरकारनं वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं बीडीडी चाळी बांधल्या. तिथली एकेक खोली १६० चौरस फुटांची. खाजगी मालकांच्या चाळी त्याहून दाटीच्या. एका खोलीत दहा-पंधरा माणसं, पाळीप्रमाणे झोपणारी. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकायचा.

अशा ठिकाणी माणसाचं डोकं ठिकाणावर राहणं अवघडच. ते राहिलं, याचं एक मोठं कारण म्हणजे माणसं एकटी राहिली नाहीत. एका गावची मंडळी मिळून एक खोली धरायची. नवा मुलगा एसटीतून किंवा बोटीतून उतरला की आधी त्या खोलीवर जायचा. कुणीतरी त्याला गिरणीच्या दारापर्यंत न्यायचं, बदली कामगार म्हणून चिकटवायचं. आजारी पडला तर गावाला निरोप जायचा. मेला तर सगळे मिळून क्रियाकर्म करायचे. भजनी मंडळं होती, तालमी होत्या, नमन-खेळ्यांचे आणि तमाशाचे फड होते. १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, आणि पुढे चाळीचाळींतून गणपती बसू लागले. लालबागचा राजा आज देशभर ठाऊक आहे. तो १९३४ साली बसला, तेव्हा त्यामागे होता बाजाराच्या जागेचा प्रश्न. पेरू चाळीचा बाजार बंद झाला, तेव्हा तिथले कोळी आणि दुकानदार उघड्यावर आले होते. हक्काची जागा मिळू दे, असा नवस त्यांनी बोलला होता. पोटाची काळजी एकट्यानं न वाहता चारचौघांत बोलून दाखवायची, त्यासाठी मिळून काहीतरी करायचं, ही गिरणगावाची रीत.

पण मैत्रिणींनो, ही गोष्ट इथंच थांबवली तर ती खोटी होईल. आधार होता, पण तो सगळ्यांना सारखा नव्हता.

जातीचा अडसर गिरणीच्या आतही होता. विणकामाच्या खात्यात पगार जास्त होता, पण तिथं दलित कामगाराला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि त्याचा विटाळ बाकीच्यांना चालत नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत बरीच वर्षं राहिले होते. ‘आपली माणसं’ म्हणताना कोण आपलं आणि कोण बाहेरचं, हा सवाल तेव्हाही होता. आपल्या गटांतही तो आहेच.

दुसरा अडसर बायकांचा. भजनी मंडळ गड्यांचं, तालीम गड्यांची, गावकीची खोली गड्यांची. गिरण्यांत बायका कामाला होत्या. एके काळी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा त्यांचा होता. त्या मुख्यतः सूत गुंडाळायच्या, रिळं भरायच्या खात्यांत असत. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या हक्काचा कायदा झाला, रात्रपाळीला बायकांना बंदी आली, पुढे नवी यंत्रं आली. मालकांना बाई कामगार महाग वाटू लागली आणि त्यांची संख्या घटत गेली. कामावरून कमी झालेली बाई काय करणार? परत गावी जाणार, नाहीतर खोलीतच काहीतरी सुरू करणार.

त्यातून वाढली खाणावळ.

ज्या घरात बाई होती, त्या घरी एकट्या गड्यांना जेवण मिळायचं. एकेक बाई दहा, पंधरा, वीस मेंबर सांभाळायची. पहाटे भोंगा होण्याआधी उठायचं, सार्वजनिक नळावरून पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे. एक पाळी जेवून गेली की दुसरी यायची. त्याच खोलीत तिची पोरं, तिथंच तिची बाळंतपणं. मेंबर पैसे द्यायचा पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडून उधारीवर किराणा आणायचा. वाणी भाव चढा लावायचा. कमी पडलं की सावकाराकडे मंगळसूत्र किंवा भांडी गहाण टाकायची, आणि व्याज भरता भरता मुद्दल तसंच राहायचं.

आता याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूनं पाहू. खाणावळवाल्या बाईला प्रत्येक मेंबरची खबर असायची. कोण दोन दिवस ताटावर आला नाही, कोण अर्धं ताट टाकून उठला, कुणाच्या तोंडाला वास येतोय, कुणाला गावाकडून वाईट पत्र आलंय, हे तिला न विचारता कळायचं. ‘काय रे, आज जेवला नाहीस?’ एवढा प्रश्न विचारणारं माणूस त्या शहरात असणं ही मोठी गोष्ट होती. आज आपण म्हणतो, मनाच्या आजाराची पहिली चिन्हं जेवणात आणि झोपेत दिसतात. ती चिन्हं गिरणगावात हीच बाई रोज बघत होती. तिला त्याचा पगार नव्हता, नावही नव्हतं.

आणि तिची विचारपूस कोण करायचं? कुणीच नाही. ती मेंबरांचं ऐकायची, तिचं ऐकणारं कुणी नव्हतं. शेजारच्या चाळीत दुसरी बाई तेच करत होती, पण दोघींना बोलायला सवड नव्हती. शिवाय गिऱ्हाइकाच्या बाबतीत त्या एकमेकींच्या स्पर्धक. कर्जाची तर लाज. माझ्यावर किती देणं आहे हे शेजारणीला कळू नये म्हणून धडपड. मैत्रिणींनो, हे तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना?

गिरणगावात बायकांना एकत्र आणायचे प्रयत्न आधीपासून चालू होते. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी गिरणीतल्या बायकांना संपात, मोर्चात उभं केलं. १९४३ मध्ये अहिल्याताई रांगणेकरांच्या पुढाकारानं परळ महिला संघ निघाला. १९७२ च्या दुष्काळात महागाई भडकली, रेशनवर धान्य मिळेना. तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एका झेंड्याखाली आल्या. हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले, ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. पीठ पुरत नाही म्हणून रात्री एकटीनं कपाळाला हात लावून बसणाऱ्या बाईला त्या थाळीच्या आवाजानं एक गोष्ट कळली. हे आपल्या एकटीचं नशीब नाही, पलीकडच्या खोलीतही हेच चाललंय. मनावरचं अर्धं ओझं तिथंच उतरतं, कारण ‘माझंच काहीतरी चुकतंय’ हा विचार थांबतो.

गिरगावात त्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती. १५ मार्च १९५९ रोजी सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. तीच पुढे लिज्जत पापड म्हणून देशभर गेली. या बहुतेक गुजराती घरांतल्या बायका. दुपारची कामं आटपल्यावर हाताला काम नाही आणि पदरात स्वतःचा पैसा नाही, ही त्यांची अडचण. त्यांनी नियम केला की काम करणारी प्रत्येक बाई मालकीण. लाटणं तेच, पण घरात एकटीनं लाटणं आणि चौघींत बसून लाटणं यात फरक आहे, हे कुणा पापड करणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

आता परत परळकडे येऊ. प्रेमाताई पुरव या मूळच्या गोव्याच्या. तरुणपणी गोवा मुक्तीच्या लढ्यात होत्या, मग मुंबईत येऊन कामगार चळवळीत काम करू लागल्या. सत्तरच्या दशकात गिरण्यांमध्ये लांबलेले संप झाले. संपात पगार नाही, तरी कामगार जेवत होते. कुणाच्या जिवावर? खाणावळवाल्यांच्या. त्या उधारीवर जेवू घालत होत्या आणि स्वतः कर्जात बुडत होत्या. संपाच्या सभेत पुढाऱ्यांचे, कामगारांचे आभार मानले जायचे. या बायकांचं नाव कुठंच नाही.

प्रेमाताई चाळीचाळींतून फिरल्या आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. सुरुवात अवघ्या १४ जणींनी केली. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती. गरिबाला कर्ज द्यायचं असं सरकारी धोरण होतं, पण खाणावळवाली बाई बँकेच्या पायरीपर्यंत कशी जाणार? तारण नाही, सही येत नाही, जामीन राहायला माणूस नाही. मग ठरलं, आपणच एकमेकींना जामीन राहायचं. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी तिच्या घरी जायचं, काय झालं ते बघायचं, मार्ग काढायचा. बँकेनं कर्ज दिलं, सावकाराचं चढं व्याज सुटलं, आणि बायकांनी हप्ते फेडून दाखवले. बचत गट हा शब्द आपल्या गावात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

जामीन राहायचं म्हणजे काय, याचा जरा विचार करू. माझ्यावर किती देणं आहे, हे आता चौघींना माहीत झालं. जे लपवायची धडपड होती, तेच उघड झालं, आणि आभाळ कोसळलं नाही. नवरा पितो, मारतो, हेही हळूहळू बोललं गेलं, कारण हप्ता का चुकला याचं उत्तर तिथंच निघायचं. मंडळाला दिसलं की नुसतं कर्ज देऊन भागत नाही. आजारपणात मदत लागते, कायद्याचा सल्ला लागतो, मुलींना शिक्षण लागतं, घरातून निघावं लागलं तर निवारा लागतो. कामं तशी वाढत गेली, आणि सभासद हजारोंच्या घरात गेल्या. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि मग आलं १९८२ साल.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. महिने गेले, वर्ष गेलं. कितीतरी कामगार पुन्हा कामावर घेतलेच गेले नाहीत. पुढे गिरण्याच एकेक करून बंद पडल्या. आज त्या जागांवर उंच इमारती आणि मॉल उभे आहेत.

गिरणगावाच्या सगळ्या आधारांची परीक्षा या काळात झाली. सुरुवातीला ते टिकले. गावकीच्या खोल्यांत धान्य वाटलं गेलं, गावाकडून तांदूळ-ज्वारीची पोती गेली, बायकांनी मोर्चे काढले. पण आधार देणारेच जेव्हा सगळे एकदम कोसळतात, तेव्हा कोण कुणाला धरणार? मेंबर गावी गेले, तशा खाणावळी ओस पडल्या. भजनं थांबली. दारू वाढली. काहींनी जीव दिला. पोरं वाईट संगतीला लागली. बायका धुणीभांडी, भाजीविक्री, शिवणकाम, मिळेल ते करून घर चालवू लागल्या, आणि रिकाम्या बसलेल्या नवऱ्याची चिडचिडही त्यांनीच सोसली. एकोपा मनाला मोठा टेकू देतो, हे खरं. पण हातातलं काम आणि घामाचा दाम हिरावला गेला, तर नुसत्या एकोप्यावर माणूस फार काळ उभं राहत नाही. कुणी आपल्याला म्हणालं की ‘बायांनो, एकत्र या, गाणी म्हणा, सगळं ठीक होईल’, तर त्याला गिरणगावाचा हा भाग आठवून द्यायला हवा. गिरणी कामगारांनी नंतर घरांसाठी लढा दिला तो याच जाणिवेतून.

त्या वेळी परत आलेला गडी आपल्याच दारात आला होता. वीस-तीस वर्षं शहरात राबलेला माणूस. शेतात रमेना, गावात मिसळेना, पारावर गप्प बसून राहायचा. त्याला काय झालंय हे कुणी विचारलं नाही, आणि त्याच्याबरोबर दिवस काढणाऱ्या बाईलाही नाही. गिरणगावाच्या संपावर पुस्तकं निघाली. गावाकडच्या या बायकांनी तो काळ कसा काढला, हे मात्र फारसं लिहिलं गेलेलं नाही. तुमच्या गावात अशी एखादी सत्तरी ओलांडलेली आजी असेल. तिला एकदा विचारा. मुंबईहून शेवटची मनीऑर्डर कधी आली आणि त्यानंतर घर कसं चाललं, ते ती सांगेल.

आता जगातली एक गोष्ट. आफ्रिकेत झिम्बाब्वे नावाचा देश आहे. तिथं मनाचे डॉक्टर मोजकेच. डिक्सन चिबांडा नावाच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये हरारे शहरातल्या म्बारे या गरीब वस्तीत काम सुरू केलं. त्यांनी मदतीला घेतल्या वस्तीतल्या आज्या. त्याही १४ जणीच होत्या! दवाखान्याच्या आवारात एक बाकडं टाकलं. आजी त्यावर बसते, येणाऱ्याचं ऐकते, आणि ‘या सगळ्यातला पहिला प्रश्न कुठला सोडवायचा?’ असं विचारत एकेक वाट काढते. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात. अर्थ काय? फार विचार करणं. आपणही हेच म्हणतो ना, ‘फार विचार करू नकोस गं’? फरक इतकाच की आपण तेवढं म्हणून उठतो, आणि त्या आज्या बसून राहतात. २०१६ साली या कामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि बाकड्यावर बसलेल्यांचं दुखणं खरोखर कमी झाल्याचं त्यात दिसलं. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातही ‘आत्मीयता’ नावानं असंच काम झालं, गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला शिकवून.

मग या इतिहासातून आपल्या गटानं काय घ्यायचं?

पहिलं, एकमेकींना जामीन राहणं म्हणजे वसुली करणं नव्हे. आज गावोगाव लहान कर्जं देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या जणींना तिच्या दारात नेऊन बसवतात, चारचौघांत तिचा पाणउतारा होतो. कागदावर हाही गटच, आणि हीही जामीनकीच. पण एक गट बाईला सावरतो आणि दुसरा तिला विहिरीच्या काठाशी नेतो. आपला गट यातला कुठला, हे प्रत्येक गटानं स्वतःला विचारावं. मैत्रिणीच्या घरी जायचंच असेल, तर ‘पैसे कधी देतेस’ याच्या आधी ‘काय झालंय’ हे विचारायला जावं.

दुसरं, गटातलं बोलणं गटातच राहिलं पाहिजे. एकदा का ते नळावर किंवा गिरणीत दळायला आलेल्यांत पसरलं, की ती बाई पुन्हा तोंड उघडणार नाही.

तिसरं, आपली हद्द ओळखावी. कुणी आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, कानात आवाज येतात म्हणत असेल, जगून काय करू असं बोलत असेल, तर तिला एकटीला सोडू नका, आणि गंडेदोऱ्यात वेळ घालवू नका. तिला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. सरकारची ‘टेलीमानस’ सेवा आहे. नंबर आहे १४४१६. फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि शेवटची गोष्ट हजेरीची. आपल्या बैठकीत हजेरी होते, गैरहजर असेल तिच्या नावापुढे फुली पडते, कुठं कुठं दंडही घेतात. या महिन्यापासून एवढंच करून बघा. जिच्या नावापुढे दोनदा फुली पडली, तिच्या घरी बैठक संपल्यावर दोघींनी जायचं. वही न घेता जायचं. चहा तिच्याकडे प्यायचा, आणि ती बोलली नाही तरी थोडा वेळ बसून यायचं.